नेट कुठे आहे आणि डब्यात काय होतं

पॅसिफिक महासागरातल्या रारोटोंगा बेटावर इंटरनेट कुठे मिळतं, किती वाजता मिळतं आणि कोणत्या खुर्चीवर कोणत्या बाजूला तोंड करून बसलं की मिळतं, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असेल तर त्याने खुशाल पुढे यावं! मी त्याला माझी वही दाखवीन आणि तो मुकाट्याने घरी जाईल.

बेट आमचं गोल, घेर बत्तीस किलोमीटर. किनाऱ्याने एक मोठा रस्ता आणि त्यावर दोन बस. एक घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते, दुसरी काट्यांच्या उलट. मी तीन आठवडे दोन्ही बसमधून फिरून, थांब्याथांब्यावर उतरून, कॅफेकॅफेत बसून ही वही भरली. नमुन्यादाखल वाचतो. 'मुरी, पाण्याकाठचं कॅफे: सकाळी नऊपर्यंत नेट उत्तम. नऊला पर्यटक उठतात आणि सगळे एकदम निळ्या पाण्याचे फोटो घरी पाठवतात. नेट मरतं.' 'अरोरांगी: फक्त फ्रिजशेजारच्या स्टुलावर. फ्रिजची मोटर चालू झाली की नेट बंद.' 'बंदराजवळचं: नेट झकास, पण कोंबडा.' कोंबड्याबद्दल जास्त लिहिलेलं नाही. त्या दिवशी मीटिंगमध्ये माझ्याआधी त्यानेच स्वतःची ओळख करून दिली होती, एवढं सांगितलं तरी पुरे.

आणि शेवटच्या पानावर लाल शाईत: 'तितिकावेका. अकाइतीचं कॅफे. सर्वोत्तम!!!'

अकाइती शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिचं कॅफे म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार टेबलं आणि दारात पपईचं झाड. मग तिथलंच नेट इतकं धावतं कसं? मी स्वभावाने चौकस. दोन दिवस मी नारळपाणी पीत यावर विचार केला. तिसऱ्या दिवशी तिची कॉफी मागवली, एक घोट घेतला आणि उलगडा झाला! भिजलेली चटई पिळून कपात भरावी तशी चव! पर्यटक एकदा यायचे आणि पुढच्या वेळी रस्त्याच्या पलीकडून जायचे. म्हणजे अख्खं नेट माझ्या एकट्याचं!

तुम्ही म्हणाल, घरी बसून काम कर की बाबा. घरी माझी सासू आहे. ती सूर्य उगवल्यापासून ऑकलंडमधल्या आपल्या सात बहिणींशी व्हिडिओवर बोलते. एकेकीशी. मग सगळ्यांशी मिळून.

माझं काम लोकांचं बोलणं ऐकून ते टाइप करण्याचं. ऑकलंडच्या एका कंपनीकडून रेकॉर्डिंग यायचं. कधी सोसायटीची बैठक, कधी कुणाची मुलाखत, कधी कुणाच्या घरगुती तंट्यातली समेटाची बोलणी. मी ऐकायचं, लिहायचं, वेळेत परत पाठवायचं. सहा आठवड्यांची परीक्षा होती. पास झालो तर नोकरी कायम. नापास झालो तर माझ्या तिन्ही भावांसारखं ऑकलंडला जाऊन, तीन स्वेटर घालून, गोदामात खोकी उचलायची. मला बेट सोडायचं नव्हतं. म्हणून मी कंपनीच्या कागदावर न वाचताच सही केली. नंतर वाचला. त्यात जाड अक्षरात लिहिलं होतं: ऐकलेलं कुणालाही सांगायचं नाही. घरच्यांनाही नाही.

चौथ्या आठवड्यातला गुरुवार. मी अकाइतीच्या कॅफेत माझ्या लाडक्या खुर्चीवर बसलो, हेडफोन कानांवर चढवला आणि फाईल उघडली. वर लिहिलं होतं, 'चार भागांपैकी दुसरा भाग.' कंपनी मोठी रेकॉर्डिंग अशी तुकडे करून वेगवेगळ्या माणसांना वाटते. कुणालाच पूर्ण गोष्ट कळू नये म्हणून.

दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या, ग्लेनिस आणि मर्ल. न्यूझीलंडच्या पार दक्षिणेकडच्या कुठल्याशा गावातल्या. आई वारली होती. तिच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना डबा सापडला होता, कुलूप लावलेला. थोरल्या ग्लेनिसने तो धाकटीला न सांगता उघडला, आणि आत काय होतं ते काही केल्या सांगेना. मधे एक समेट घडवणाऱ्या बाई बसल्या होत्या, शांत आवाजाच्या.

"लहानपणापासून तू अशीच! प्रत्येक गोष्ट आधी तुझी!" मर्ल ओरडली.

"तू मला शिकवू नकोस!" ग्लेनिस म्हणाली. "चोरी कुणी केली होती त्या वर्षी?"

"बावन्न वर्षं झाली, अजून तेच! मी चोरी केली नव्हती!"

माझी बोटं नुसती पळत होती. आज आवाज काय भरदार येतोय, मी मनात म्हटलं. जणू दोघी डोक्यावरच बसल्यात! शेवटी त्या शांत बाई म्हणाल्या, "ग्लेनिस, तुम्ही सांगितल्याशिवाय आपल्याला पुढे जाता येणार नाही. त्या डब्यात काय होतं?"

मग ग्लेनिसने एक लांब श्वास घेतला. "ठीक आहे. सांगते. त्या डब्यात..."

फाईल संपली.

"काय?!"

हे मी नाही ओरडलो. हे अख्खं कॅफे ओरडलं!

मी हेडफोन काढला. तो बंद होता. चार्जच केलेला नव्हता. आदल्या आठवड्यात अकाइतीच्या वाढदिवसाला मी माझा लॅपटॉप तिच्या भिंतीवरच्या स्पीकरला जोडून गाणी लावली होती, आणि लॅपटॉपने ती ओळख इमानाने लक्षात ठेवली होती. स्पीकर माझ्या डोक्याच्या बरोबर वर! चाळीस मिनिटं दोघी बहिणी तितिकावेकाला ऐकू जातील अशा आवाजात भांडत होत्या आणि मी कानांवर दोन मेलेले डबे लावून टाइप करत होतो.

अकाइतीने कॉफीचं यंत्र बंद केलं होतं, आवाज नको म्हणून. भांडण ऐकून आजूबाजूच्या घरांतले लोक आत येऊन बसले होते, रस्त्यावरून जाणाऱ्या दोन स्कूटर दाराशी थांबल्या होत्या. आणि समोरच्या टेबलावर उपोकोइना मावशी होती. माझी ती सख्खी मावशी नाही, आईची चुलतबहीण. पण आमच्याकडे एवढं अंतर कुणी मोजत नाही. मावशी पंचायतीत पंचवीस वर्षं जमिनीचे तंटे ऐकत आली आहे. भांडण कानावर पडलं की तिचं जेवण राहतं.

"अरे मेल्या, थांबलास काय? पुढचं लाव!"

"मावशी, पुढचं नाहीच माझ्याकडे. हा दुसरा भाग होता. तिसरा दुसऱ्या कुणाकडे आहे."

"कुणाकडे?"

"मला काय माहीत? आणि हे तुम्ही ऐकायलाच नको होतं! मी सही केलीय. माझी नोकरी जाईल!"

"आम्ही कुठे कुणाला सांगणार आहोत?" मावशी म्हणाली आणि तिने सभोवार पाहिलं. चौदा माणसांनी माना डोलावल्या. त्यातल्या तिघांच्या हातात फोन होता.

अकाइती ओला फडका खांद्यावर टाकून माझ्याजवळ आली. "तेरई, खरं सांग. तुला माहितीये ना डब्यात काय होतं?"

"देवाशप्पथ नाही!"

"लपवतोयस. शाळेतसुद्धा तू पेपर लपवायचास."

घरी आलो तर बायको दारातच उभी. तेपाएरू माझ्यावर कधी चिडत नाही. त्या दिवशी तिने माझ्यापुढे काल उरलेला मासा ठेवला, तोही गरम न करता.

"अख्ख्या गावाला सांगितलंस आणि मला नाही?"

"काय सांगितलं?"

"डब्यात काय होतं ते!"

आतून सासूचा आवाज आला. सातही बहिणी पडद्यावर होत्या. "ग्लेनिसचीच चूक आहे," सासू त्यांना सांगत होती. "थोरल्या सगळ्या अशाच असतात." त्यावर सातपैकी थोरली चिडून पडद्यावरून निघून गेली.

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मला दुसरा भाग तपासून पाठवायचा होता. सकाळी मी अकाइतीकडे गेलो, लॅपटॉप उघडला. पासवर्ड चुकीचा! पुन्हा टाकला. चुकीचा!

"बदललाय," अकाइती कप पुसत म्हणाली. "डब्यात काय होतं सांग, पासवर्ड घे."

"अगं, मला माहीत नाही!"

"मग मलाही पासवर्ड माहीत नाही."

हरकत नाही! मी वही काढली. बेटावर काय एकच कॅफे आहे? मी रस्ता ओलांडला आणि आलेली पहिली बस पकडली, काट्यांच्या उलट जाणारी. बस तांगीकाका चालवतात. तेवीस वर्षं उलट्याच दिशेने चालवतात. त्यांनी आरशातून मला पाहिलं आणि थेट मागे वळूनच बोलायला लागले.

"काय रे तेरई, मर्ल कशी आहे?"

"काका, पुढे बघा! रस्ता!"

"रस्ता कुठे जातोय? गोल आहे. सांग ना, डब्यात सोनं होतं ना? माझी बायको म्हणते सोन्याचे दात."

"छे!" मागच्या सीटवरची भाजीची टोपली घेतलेली बाई म्हणाली. "दुसऱ्या पुरुषाची पत्रं! आईची. म्हणूनच थोरली सांगत नाही."

"अहो, पत्रं असती तर डबा वाजला नसता. धाकटी म्हणाली ना, हलवला तेव्हा खुळखुळ वाजला!" तिच्या शेजारची बाई म्हणाली.

हे वाक्य मर्लने सव्विसाव्या मिनिटाला म्हटलं होतं. टाइप करताना माझ्याकडून निसटलं होतं, या बाईंकडून नाही! मी गुपचूप वहीत लिहून घेतलं.

मुरीला उतरलो. अजून नऊ वाजले नव्हते, पर्यटक झोपलेले. मी कॅफेत पाय ठेवतो न ठेवतो तोच मालकीणबाई गल्ल्यावरून म्हणाल्या, "दात होते का हो?" मी नाही म्हटलं. "मग काय होतं?" माहीत नाही म्हटलं. त्यांनी शांतपणे भिंतीवरची पासवर्डाची पाटी उतरवली आणि पोटाशी धरली.

मातावेराला तर कॅफेवाल्याने मी बसमधून उतरायच्या आतच दारात येऊन नाही म्हणून मान हलवली. अकाइतीची आतेबहीण त्याची बायको. बंदराजवळ मला आत घेतलं, खुर्ची दिली, डोनटही दिला. मी खूश! मग कळलं, त्यांचं नेट आदल्या दिवसापासून बंद आहे आणि त्यांना फक्त डब्याविषयी विचारायचं आहे. अरोरांगीला फ्रिजशेजारच्या स्टुलावर माझ्याआधीच दोघं बसले होते, पैज लावून. एकाची पैज बटणांवर, दुसऱ्याची दुसऱ्या मृत्युपत्रावर.

बातमी बसपेक्षा वेगाने फिरत होती, आणि तीसुद्धा दोन्ही दिशांनी! बेटाला पूर्ण वळसा घालून साडेचारला मी होतो तिथेच उतरलो. तितिकावेका. अकाइती. पपई.

माझा कडेलोट व्हायचा तेवढा बाकी होता. मावशी त्याच टेबलावर बसली होती, जणू कालपासून हललीच नव्हती.

"मावशी," मी हात जोडले, "पाचच्या आत हे पाठवलं नाही तर मी गेलो. ऑकलंडला. गोदामात. तू माझ्या अंत्ययात्रेला ये."

मावशीने विचार केला. "तिसरा भाग मागवता येतो का?"

"मागवता? हे काय दुकान आहे?"

"विचारायला काय जातं? तू विचारशील, असं कबूल कर. अकाइती पासवर्ड देईल."

माझ्या डोळ्यांपुढे खोकी नाचत होती. आणि खोटं कशाला बोलू? डब्यात काय होतं ते मलाही कळायला हवं होतं. रात्रभर मी तेच घोकत होतो. मी कबूल झालो. चार बावन्नला फाईल गेली.

लगेच फिलिपाबाईंना फोन लावला. त्या माझ्या वरिष्ठ, बोलणं मोजून मापून. मी घसा साफ केला. "तो दोन बहिणींचा तिसरा भाग... कुणी करत नसेल तर मी करू का?"

मग त्या म्हणाल्या, "तेरई, अकरा वर्षं मी इथे आहे. आजवर कुणी आपणहून जास्त काम मागितलं नाही."

"मला कामाची आवड आहे."

"दिसतंय! ज्या मुलीकडे तो भाग होता तिने आजच दाढ काढून घेतलीय. सोमवारी सकाळी तुला पाठवते. सोमवारीच परत हवा." मग म्हणाल्या, "तुझ्यासारखी माणसं हवीत आम्हाला."

मला इतकी लाज वाटली की मी अकाइतीची कॉफी मागवून पूर्ण प्यायलो.

शनिवार कसाबसा गेला. रविवारी आमच्याकडे सगळं बंद असतं, फक्त चर्च चालू. मी मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसलो, कुणाशी नजर भिडू नये म्हणून. प्रवचन झालं, गाणी झाली. मग पाद्रीबाबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. आजाऱ्यांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी. "आणि हे देवा, दूर थंड देशातल्या त्या दोन बहिणींची मनं मऊ कर. जो डबा बंद होता तो उघडला आहे, त्यातलं सत्यही उघड होवो."

"आमेन!" चर्च इतक्या जोरात म्हणालं की छपरावरची कबुतरं उडाली. तीनशे माणसांनी वळून माझ्याकडे पाहिलं. पाद्रीबाबांनी तर एकच डोळा उघडून पाहिलं!

सोमवारी सकाळी अकाइतीच्या कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. मी अडतीस डोकी मोजली, आणि पपईच्या झाडाखालची वेगळी. तांगीकाकांनी बस दारातच उभी केली होती, आतल्या उतारूंसकट. माणसं ती कॉफी पीत होती! पैसे देऊन! अकाइतीच्या गालावर लाली चढली होती.

मी माझ्या खुर्चीवर बसलो. फाईल आली होती. उतरवायला लावली. एक टक्का. दोन टक्के. दोन टक्के. दोनच टक्के!

मी वर पाहिलं. अडतीस माणसं फोन तोंडापुढे धरून ऑकलंडला, सिडनीला, कुठेकुठे नातेवाइकांना थेट दाखवत होती. "हा बघ, हाच तो तेरई. आता ऐकेल हं!" माझी सासूही कोपऱ्यात होती, सात बहिणींसह. बेटावरचं सर्वोत्तम नेट माझ्या डोळ्यांदेखत प्राण सोडत होतं, आणि त्याला मारणारी माणसं तीच होती ज्यांना फाईल हवी होती!

"मावशी, फोन बंद कर सगळ्यांचे! नाहीतर हे संध्याकाळपर्यंत उतरणार नाही!"

मावशी उठली. चर्चला घालायची तिची विणलेली रुंद टोपी तिने डोक्यावरून काढून उलटी धरली आणि टेबलाटेबलांमधून फिरली. एक शब्द बोलली नाही. फोन टोपीत पडत गेले. सासूने जरा काचकूच केली, तर मावशीने फक्त भुवई उचलली. पडद्यावरच्या सातही बहिणी टोपीत गेल्या.

नव्वद टक्के. शंभर!

"आता लाव," मावशी म्हणाली.

"नाही." मी उभा राहिलो. या वेळी मी वायरचा हेडफोन आणला होता. "हे मी एकटा ऐकणार. सही केलीय मी. नंतरही सांगणार नाही."

केवढा गलका झाला! तांगीकाका म्हणाले, आम्ही बस उभी ठेवून आलोय. कुणी म्हणालं, पैजेचं काय? पण मावशीने हात वर केला. "बरोबर आहे त्याचं. सही म्हणजे सही. त्याला एकट्याला ऐकू द्या." लोक गप्प झाले. मग ती हळूच म्हणाली, "आपण नुसतं त्याच्या तोंडाकडे बघू या."

तुम्ही कधी अडतीस माणसांनी रोखून पाहत असताना टाइप केलंय? मी केलंय. मी चेहरा दगडासारखा ठेवला. भुवई हलू दिली नाही. तरी मावशी बाजूला बसून क्रिकेटची कॉमेंट्री करावी तशी सांगत होती.

"धाकटी बोलतेय. बघा, त्याचा ओठ वाकडा झाला... आता थोरली. दात खातोय... थांबा! डोळे मोठे झाले! डबा आला, डबा आला!"

डबा आला होता. ग्लेनिस बोलत होती. शाळेत बारा वर्षांची असताना तिने पोहण्यात जिंकलेलं चांदीचं पदक. ते हरवलं, आणि मर्लने चोरलं असं तिनेच सगळ्यांना सांगितलं. शाळेत, घरी, गावात. बावन्न वर्षं सांगत राहिली. आणि डब्यात...

मला नाक ओढावं लागलं. एकदाच.

"रडला!" मावशी ताडकन उठली. उठताना तिचा पाय वायरीत अडकला. वायर लॅपटॉपमधून निघाली. आणि लॅपटॉपने पुन्हा आपला जुना मित्र शोधला, डोक्यावरचा स्पीकर.

"...पदकच होतं," ग्लेनिसचा आवाज छपराखाली घुमला. "आणि आईच्या अक्षरातली चिठ्ठी. 'दोघी यावरून रोज भांडतात. भांडण थांबलं की परत द्यायचं.' मर्ल, आपलं भांडण थांबलंच नाही गं. मी तुला काय सांगणार होते? डबा उघडल्यापासून मी झोपलेली नाही."

मी फाईल बंद करायला हवी होती. मला ते सुचलंच नाही! डोळे भरून आले होते, पडदा दिसत नव्हता, बोटं मात्र सवयीने चालत होती. कानावर पडेल ते लिही, एवढंच त्यांना ठाऊक.

मर्ल काही बोलेना. पाच सेकंद. दहा सेकंद. मावशीला ते सहन झालं नाही. ती स्पीकरकडे तोंड करून ओरडली, "अगं बाई, बावन्न वर्षं गेली! आता कसली वाट बघतेस? ऊठ आणि बहिणीला जवळ घे!"

आणि स्पीकरमधून मर्लचा आवाज आला, "...बरं."

खुर्ची सरकल्याचा आवाज. फाईल संपली.

काय सांगू मंडळी! तांगीकाका बसमधली भाजीवाली बाई समजून शेजारणीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ती माझी सासू निघाली. दोघंही दचकली. अरोरांगीच्या दोघांची पैज बुडाली तरी ते एकमेकांना मिठी मारत होते. मी गडबडीने डोळे पुसले, वेळ पाहिली, फाईल पाठवून दिली आणि कॉफी मागवली. त्या दिवशी तीसुद्धा बरी लागली.

बुधवारी दुपारी फोन वाजला.

"तेरई," फिलिपाबाई म्हणाल्या. आवाज सपाट. "तिसऱ्या भागात शेवटी एक अनोळखी बाई बोलतेय. 'ऊठ आणि बहिणीला जवळ घे.' रेकॉर्डिंगमध्ये मी तीनदा ऐकलं. अशी कुणी बाई नाही."

बोटांनी मावशीचं वाक्यही टाइप केलं होतं! आणि नियमाप्रमाणे पुढे नीट लिहिलंही होतं, 'अनोळखी आवाज.'

खोटं रचायला मी तोंड उघडलं, पण काही सुचेना. मग सगळं सांगून टाकलं. मेलेला हेडफोन, स्पीकर, दोन्ही बस, पाद्रीबाबा, टोपी, सगळं.

"तुला कल्पना आहे हे किती गंभीर आहे?" फिलिपाबाई म्हणाल्या. "मला त्या बहिणींना कळवावं लागेल. त्या म्हणतील तसं होईल. उद्या बोलते."

रात्री तेपाएरूने मासा गरम करून वाढला. तेव्हाच मला कळलं की परिस्थिती खरोखर वाईट आहे. "ऑकलंडला गेलास तर मीही येईन," ती म्हणाली. "पण आईला इथे ठेवून. ती तिथे गेली तर त्या सात जणी फोन कुणाला करणार?" मी कपाटातून भावाने पाठवलेला जुना स्वेटर काढून अंगाला लावून पाहिला. घाम फुटला.

गुरुवारी दहा वाजता फोन आला.

"मी दोघींना खरं ते सांगितलं," फिलिपाबाई म्हणाल्या. "आधी फार रागावल्या. त्यांना रागवायचा हक्कच आहे. मग मर्लने विचारलं, ती बाई कोण? मी म्हटलं, समुद्रातल्या एका बेटावरची कुणी मावशी आहे. मग ग्लेनिस म्हणाली, आई असती तर हेच बोलली असती. ते वाक्य कागदावर राहू द्या."

"मग... मी..."

"वाक्य राहील. तू मात्र माणसांच्या फायलींवर राहणार नाहीस. परीक्षेचे सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून. आजपासून तुला फक्त बटाटे साठवणाऱ्यांच्या वार्षिक सभा मिळतील. प्रत्येक सभा पाच तासांची."

"थँक्यू!" मी ओरडलो. बटाट्यांबद्दल एवढ्या आनंदाने आजवर कुणी आभार मानले नसतील!

"आणि तेरई," त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "चौथ्या भागाचं विचारू नकोस. वीस मिनिटं दोघी नुसत्या रडताहेत. टाइप करायला काही नाही." आणि त्यांनी घाईघाईने फोन ठेवला. म्हणजे त्यांनीही चौथा भाग ऐकला होता तर! त्यांचं काम नसताना!

आता मी रोज अकाइतीकडे बसतो. हेडफोन चार्ज केलेला, वरून वायरही लावलेली, स्पीकरची विजेची तार माझ्या खिशात. कॅफे पुन्हा रिकामं झालंय, कारण रडू येत नसताना ती कॉफी पिणं कुणालाच जमत नाही. फक्त उपोकोइना मावशी येते. काल ती समोर बसून बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी मीच हेडफोन काढला.

"मावशी, जा घरी. यात काही नाही. पाच तास नुसते बटाटे सडल्याची चर्चा आहे."

मावशीने खुर्ची जवळ ओढली.

"कुणाचे?"